लाल शाईतली ओळ

राहुरी, जि. अहमदनगर
४ मार्च १९९७

प्रिय सुंदरीअक्का,

प्रभूच्या नावाने सलाम. अक्षर ओळखलंस का? मी एस्तेर पारखे, हॉस्टेलात तुझ्या शेजारच्या खाटेवरची. अकरा वर्षांनी लिहिते आहे. पुण्याला तुमच्या हॉस्पिटलची एक नर्स भेटली. ती म्हणाली, सुंदरी सिस्टर आता बाळंतिणींच्या वॉर्डची इनचार्ज आहे, राजवाड्यामागच्या गल्लीत राहते. तिच्याकडूनच पत्ता घेतला.

मराठी वाचायला जमतं ना अजून? तुम्ही तंजावरचे मराठे पिढ्यान्‌पिढ्या घरी मराठी बोलायचात, पण अक्षर एकालाही येत नव्हतं. टेंपरेचर चार्टच्या पाठीवर मी तुला बाराखडी शिकवली, आणि तू "मजला, तुजला" असं लिहायचीस म्हणून हसले होते. त्याबद्दल आता माफी मागते.

माझं काय झालं ते तुला ठाऊक नसेल. तंजावरहून काढल्यावर दाखल्यावर शेरा होता, त्यामुळे नर्सची नोकरी कुठेच मिळाली नाही. ठरलेलं लग्न मोडलं. बाबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते, देवळात पहिल्या बाकावर बसायचे. मी परत आल्यावर ते सगळ्यात मागच्या बाकावर बसायला लागले. कधी बोलले नाहीत, पण मी ते दर रविवारी बघायचे. पोन्नम्मा माझ्या हातून मेली, ओली बाळंतीण, एका दिवसाची मुलगी मागे ठेवून. केसशीटवर लाल शाईत लिहिलं होतं की हिला पेनिसिलिन देऊ नका, आणि मी न वाचता सुई टोचली. दोन वर्षं मी प्रार्थना करू शकले नाही.

मग हळूहळू कळलं की क्रुसावरच्या त्या माणसाला माझ्यासारख्यांचीच ओळख आहे. त्याच्या शेजारच्या क्रुसावर एक चोर होता, त्यालाही त्याने शेवटच्या घडीला क्षमा केली. मी त्या चोराच्या जागी उभी राहिले आणि मला क्षमा मिळाली. सोपं वाटतं लिहायला. पाच वर्षं लागली. आता गावातली दुखणाईत माणसं धुते-पुसते, जखमा बांधते. देवळाला लागून एक खोली आहे, तिथे दुःखातल्या बायका येऊन बसतात. त्यांना मी माझी गोष्ट सांगते.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. पहिलं म्हणजे आभार. मेट्रनच्या ऑफिसात तू माझा हात धरून बसली होतीस, आणि स्टेशनवर दहीभाताचा डबा घेऊन एकटी तूच आली होतीस. ते मी विसरले नाही. दुसरं असं की पोन्नम्माचा नवरा सांबशिवम कुठे असतो ते शोध. मला त्याच्या आणि त्या मुलीच्या पाया पडायचं आहे. त्याने फाटकापाशी मूठभर माती उचलून माझ्यावर फेकली होती, शाप म्हणून. तो शाप मी घेतला हे त्याला सांगायचं आहे.

तुझी,
एस्तेर


तंजावूर
२१ मार्च १९९७

सौभाग्यवती, छे, काय लिहू तेच कळेना. प्रिय एस्तेर,

तुझे पत्र पोचले. वाचायला दोन दिवस लागले. अक्षरे येतात, पण सावकाश.

आम्ही सर्व बरे आहो. आमचे हे, प्रतापसिंह, ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात आहेत, रोज बसने जाऊन येऊन करतात. मुलगी संगीता नऊ वर्षांची झाली. तिला मराठी कळते, उत्तर मात्र तमिळात देते. येथे आता घरोघर केबल टीव्ही आला आहे, पोरे दिवसभर त्यासमोर. उन्हाळा फार कडक आहे.

तू एवढी सुखी आहेस हे वाचून बरे वाटले. मजला वाटते, जे झाले ते झाले. देवाच्या मनात होते. आता कशाला उकरायचे? सांबशिवमचा मी तपास केला. ते लोक गाव सोडून तिरुप्पूरला गेले म्हणतात, बनियनच्या कारखान्यात. पत्ता कोणास ठाऊक नाही. एवढ्या लांब येण्याचा त्रास घेऊ नको. ऊन आहे, गाडीला गर्दी असते.

आभार मानू नको. मजवर कृपा कर आणि ते मानू नको.

सुंदरी


राहुरी
१२ एप्रिल १९९७

प्रिय अक्का,

तुझी काळजी पोचली. पण मी येतेच. तिकीट काढलं, २० मेला सकाळी तंजावरला उतरते. हॉस्पिटलच्या जुन्या रजिस्टरात त्याच्या गावाचं नाव असेल, तिथून तिरुप्पूरही सापडेल.

"देवाच्या मनात होतं" असं तू लिहिलंस. मला तसं वाटत नाही. देवाच्या मनात पोन्नम्माचं मरण नव्हतं. ते माझ्या निष्काळजीपणातून आलं. देव नंतर आला, आणि जे मोडलं होतं त्यातूनच त्याने काम करून घेतलं. मागच्या महिन्यातलंच सांगते. लंकाबाई नावाची एक बाई आहे. ती भाकरी थापत होती, तेवढ्यात दोन वर्षांचं पोर अंगणातल्या हौदात पडून गेलं. नवरा बोलत नाही, सासू तोंड बघत नाही. ती तीन दिवस आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. चौथ्या दिवशी मी तिला म्हटलं, "लंकाबाई, माझ्या हातूनही एक जीव गेला आहे." तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. अक्का, मी निर्दोष असते तर तिने पाहिलं नसतं.

एक गोष्ट मात्र आमच्या देवळातल्या पाळकांखेरीज कुणाला सांगितली नाही, तुला सांगते. त्या दिवशी दुपारी दोनला ड्युटीचा चार्ज देताना तू पोन्नम्माच्या खाटेबद्दल म्हणालीस, "सात नंबरची टेस्ट झाली." संध्याकाळी सुई भरण्याआधी मी केसशीट उघडली होती असं मला अजून आठवतं. टेस्टच्या पुढची जागा कोरी होती. लख्ख आठवतं, कागदाचा कोपरा दुमडलेला होता. पण दुसऱ्या दिवशी मेट्रनने दाखवलं तर तिथे लाल ओळ होती, तुझ्या अक्षरात. आमचे पाळक म्हणतात, मन स्वतःला वाचवायला अशा खोट्या आठवणी तयार करतं. ती कोरी जागा दिसली की मी प्रार्थना करते, प्रभू, माझं हे खोटंही घे.

तुझ्याकडे दोन दिवस राहीन. संगीताला काय आवडतं ते कळव.

एस्तेर


तंजावूर
२६ एप्रिल १९९७

एस्तेर,

तुझी आठवण खोटी नाही. ती जागा कोरीच होती.

हे वाक्य लिहून मी पेन ठेवले, उठले, सगळे घर झाडले, पुन्हा येऊन बसले. आता जे आहे ते सांगते.

त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पोन्नम्मास पेनिसिलिन लिहून दिले. ते तिला चालते का हे पाहण्यास थेंबभर औषध हाताच्या कातडीत टोचून टेस्ट मी केली. अर्ध्या तासाने हात पाहिला तर सुपारीएवढी गाठ आली होती, भोवती लाल. मी ती पाहिली. म्हणजे औषध चालत नाही, आणि असे असले की लाल शाईने लिहायचा नियम, हे तुजला ठाऊकच आहे. टेबलावर लाल पेन नव्हते. ते शोधायला मी शेजारच्या वॉर्डात गेले, तर खिडकीतून फाटकाशी माझी आत्या दिसली. तिरुवैयारुहून ह्यांच्या घरची माणसे मजला पाहायला आत्याच्या घरी आली होती. अडीचची बस होती. आत्याच्या हातात मोगऱ्याचा गजरा होता, माझ्यासाठी. मी चार्ज घाईत दिला. "टेस्ट झाली" एवढेच म्हटले. काय निघाले ते बोललेच नाही. बसमध्ये बसल्यावर आठवले. वाटले, एस्तेर हुशार आहे, हात पाहील. मी उतरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर आले तर आया फाटकातच रडत म्हणाली, सात नंबर गेली. केसशीट टेबलावर ट्रेमध्ये होती. मेट्रन अजून आली नव्हती. लाल पेन आता शेजारीच पडले होते. मी लिहिले. अक्षर नीट आले, हे मजला आठवते. तेव्हा मी स्वतःस सांगितले की मी फक्त कालचे राहिलेले लिहिते आहे, खरे तेच लिहिते आहे. गाठ तर खरीच होती. पण तू फसशील हे त्याच क्षणी मजला कळत होते. कळत नव्हते असे म्हणणार नाही.

ऑफिसात तुझा हात धरला, कारण तू "जागा कोरी होती" म्हणशील अशी भीती होती. तू एकदा म्हणालीसही, हळू. मी तुझा हात दाबला. तू गप्प झालीस. दहीभात घेऊन स्टेशनवर आले ते तू खरेच गेलीस हे पाहण्यास.

आणखी एक. सांबशिवम तिरुप्पूरला गेला नाही. ओरत्तनाडूस जुन्या छत्रासमोर, म्हणजे राजांच्या वेळच्या धर्मशाळेसमोर, त्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मुलीचे नाव कावेरी. माझी सुट्टी असली की ह्यांना डबा द्यायला तेथे जाते, तेव्हा मी दुसऱ्या बाजूने चालते.

माझे लग्न त्याच दिवशी ठरले. संगीता त्याच लग्नाची. घरात जे जे चांगले होते त्यात मजला तो गजरा दिसतो. तुझ्याकडे निदान तुझा देव आहे. मी मंदिरात जाते, हात जोडते, आणि देवास सर्व ठाऊक आहे म्हणून लवकर बाहेर येते.

तू ये किंवा येऊ नको. शिव्या दे. काही तरी लिही.

सुंदरी


तंजावूर
११ जून १९९७

एस्तेर,

२० मेला सकाळी मी स्टेशनवर होते. गाडी आली, गेली. पुढची आणि त्याच्या पुढचीही पाहिली.

तुझ्या धर्मात क्षमा मोठी मानतात असे तूच सांगत होतीस. एक ओळ लिही, क्षमा केली म्हणून. मजला झोप नाही.

सुंदरी


राहुरी
३ ऑगस्ट १९९७

सुंदरी,

अक्का लिहवत नाही. समजून घे किंवा घेऊ नकोस.

तिकीट मी परत केलं. तुझं पत्र तीन महिने मिठाच्या बरणीमागे ठेवलं होतं. दुसरं आलं तेव्हा वाचून त्याच्यावर ठेवलं. एक ओळ मागतेस. ती एका पोस्टकार्डावर मावली असती आणि ती खोटी असती. अकरा वर्षांपूर्वी एक खोटी ओळ लिहिली गेली, तेवढी पुरे आहे.

माझे बाबा चार वर्षांपूर्वी गेले. मागच्या बाकावरूनच गेले. आपल्या मुलीने एका बाईला मारलं असं समजून गेले. त्यांना आता कोण सांगणार? मी त्यांच्या थडग्यापाशी गेले, गवत उपटलं आणि परत आले. तू माझं लग्न नेलंस, नोकरी नेलीस, ते मी सोडते. पण तू माझे डोळे नेलेस. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानलं, आणि त्या खोट्यासाठी देवाची माफी मागत राहिले.

मला सगळ्यात वाईट काय वाटलं ते तुला सांगायला हवं. मला आनंद व्हायला हवा होता ना, की मी निर्दोष आहे? मला भीती वाटली. मी चोराच्या जागी उभी राहिले होते. ती जागाच माझी नव्हती. मग मला जी क्षमा मिळाली ती कशाची? मी देवळात जायचं बंद केलं. खोलीला कुलूप लावलं.

लंकाबाई येऊन कुलपासमोर बसली. मी तिला सांगितलं, "मी तुझ्याशी खोटं बोलले. माझ्या हातून तसं झालंच नव्हतं. तुला समजून घ्यायचा मला काही हक्क नाही, तू दुसरीकडे जा." तिने कुलपावर हात ठेवला. मग म्हणाली, "बाई, तुम्ही मला गुन्हेगार म्हणून जवळ केलंत का? मला वाटलं मी रडत होते म्हणून केलंत."

शाळेत न गेलेली बाई आहे ती. मी कुलूप काढलं.

त्यानंतर मी क्रुसाकडे पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं मी शेजारच्या चोराच्या डोळ्यांनी बघत होते. मधला माणूस कसा दिसत असेल हे कधी पाहिलंच नव्हतं. त्याने काही केलं नव्हतं. दुसऱ्यांचं त्याच्यावर आलं होतं. आणि तो शांत नव्हता, अगं. तोही ओरडला, मला का टाकलंस म्हणून. मी खोलीत एकटी तसंच ओरडले. उत्तर आलं नाही. पण आपण एकटे ओरडत नाही, एवढं कळलं. माझ्या दुःखाला अर्थ आहे की नाही मला माहीत नाही. सोबत आहे. सध्या तेवढ्यावर दिवस काढते.

माझंही एक राहिलं आहे. "टेस्ट झाली" असं तू म्हणालीस तेव्हा "काय निघालं" हे मी विचारलं नाही. जागा कोरी दिसली तरी तुझ्या शब्दावर सुई भरली. तिचा हात पाहिला नाही. तेवढं माझं आहे आणि ते मी कुणाला देणार नाही.

क्षमा घेणं मला येतं. देणं येत नाही असं आता कळतंय. घाई करू नकोस.

तू सांबशिवमकडे जा. माझ्यासाठी नको. तो अकरा वर्षं चुकीच्या माणसाला शाप देतो आहे.

एस्तेर


तंजावूर
३० सप्टेंबर १९९७

एस्तेर,

गेले. दोनदा छत्रापर्यंत जाऊन परत आले, तिसऱ्यांदा दुकानात शिरले.

तो चाकाचे आरे सरळ करीत होता. केस सगळे पांढरे झाले आहेत. मी विचारले, "मजला ओळखता?"

"ऑफिसातल्या सरांच्या घरच्या," तो म्हणाला. "बसा अम्मा."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितले, सगळे, तमिळात. टेस्ट, गाठ, बस, लाल पेन. तो चाक फिरवीत होता. मध्येच थांबले ते चाक.

"गाठ तुम्ही पाहिली होती?"

"पाहिली होती."

"आणि गेलात."

"गेले."

त्याने हातातला पाना घट्ट धरला. मजला वाटले मारील. मारले असते तर बरे वाटले असते. मग त्याने विचारले, "ती दुसरी पोरगी? ती उत्तरेकडची?"

मी म्हटले ती गावी आहे, तुमच्या पाया पडायला येणार होती.

तो खाली बसला. "तिच्यावर मी माती फेकली," म्हणाला. "बायकोच्या अंगाची ऊब गेली नव्हती तेव्हा फेकली. अम्मा, फेकलेली माती परत कशी उचलतात?"

त्याने चाक बाजूला ठेवले. शेवटी तो म्हणाला, "तुम्हांला शाप द्यावा एवढा जोर माझ्यात राहिला नाही. कावेरीला मी सांगेन, तिच्या वेळेला. तुम्ही तिच्याशी बोलायचे नाही. जा आता." मी निघाले तेव्हा त्याने हाक मारून तुझा पत्ता मागितला. लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात लेखी निवेदन दिले. नवे व्यवस्थापक म्हणाले, "सिस्टर, एवढे जुने कशाला? तुमची नोकरीची अजून वीस-बावीस वर्षे राहिली आहेत." मी म्हटले पोचपावती द्या. इनचार्जपद काढले. चौकशी होईल, नर्सिंगचा परवाना बहुधा जाईल. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे. तुझ्या दाखल्यावरचा शेरा चुकीचा होता असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

आमचे हे माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी एवढेच विचारले, "आम्ही तुजला पाहायला आलो होतो म्हणून घाईत गेलीस, होय ना?" मी होय म्हटले. तेव्हापासून तेही ते ओझे घेऊन वावरतात, आणि मी ते काढू शकत नाही. संगीताने विचारले, "अम्मा, तू वाईट आहेस का?" काय सांगू? वाईट केले, एवढे सांगितले.

मजला हलके वाटेल असे वाटले होते. वाटत नाही. पण डबा द्यायला जाताना आता मी रस्ता बदलीत नाही. दुकानासमोरून जाते. तो पाहत नाही. मी जाते.

क्षमा मागत नाही.

सुंदरी


राहुरी
७ डिसेंबर १९९७

सुंदरीअक्का,

निवेदनाची प्रत मिळाली. भावाने घरात मोठ्याने वाचली. आईला कमी ऐकू येतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा वाच." तीनदा वाचायला लावलं. पाळक म्हणाले, रविवारी मंडळीत वाचून दाखवू. मी नको म्हटलं. तुझं नाव मला असं वर उभं राहून उच्चारायचं नाही.

सांबशिवमचं पत्र आलं, तमिळात, मुलीच्या अक्षरात. म्हणजे त्याने तिला सांगितलं. तमिळ मी विसरत चालले आहे, एक-एक शब्द लावत वाचलं. फार लिहिलेलं नाही. "माझ्याकडून चूक झाली, बाळा," असं आहे, आणि कावेरीने खाली स्वतःचं म्हणून लिहिलं आहे की तिला तिच्या आईबद्दल सांगणारं कुणी नाही, शेवटच्या दिवशी ती काय बोलत होती ते मला आठवतं का. मला आठवतं. पोन्नम्माने माझ्याकडे वेणी घालायला फणी मागितली होती, आणि मुलीचे कान तिच्या सासूसारखे आहेत म्हणून हसली होती. तेच लिहून पाठवते आहे. तुला काही आठवत असेल तर मला कळव, मी तिच्यापर्यंत पोचवीन. थेट लिहू नकोस, तिच्या बापाने नको म्हटलं आहे.

तुझ्या पत्राचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू मागितली असतीस तर मला राग आला असता. तू मागितली नाहीस तर मला रडू आलं. 

नाताळ जवळ आला. आमच्याकडे रोज सकाळी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची पद्धत आहे. ऑगस्टपासून मी तुझं नाव टाळत होते. आज घेतलं. "प्रभू, सुंदरी" एवढं म्हटलं, आणि पुढचा शब्द आला नाही. मग गुडघ्यांवरून उठून लंकाबाईला चहा दिला.

उद्या पुन्हा तुझ्या नावापर्यंत जाईन.

एस्तेर